पहिली चाकोरी

७ ऑक्टोबर १९८१
बारा दो सिरी

आज ओहोटीच्या सुमारास येथे सुखरूप येऊन पोहोचलो. मन अत्यंत प्रसन्न आहे. ब्राझीलच्या नकाशात या गावाचे नाव छापलेले नाही, कारण येथे येण्यास रस्ता नाही. समुद्रकिनारा हाच रस्ता. शहराकडील डांबरी सडक जेथे संपते तेथे टायरांतील हवा कमी करावयाची, गाडी वाळूवर उतरवावयाची, आणि डाव्या हातास समुद्र व उजव्या हातास वाळूच्या टेकड्या ठेवून थेट दक्षिणेस यावयाचे. मध्ये एक ओढा समुद्रास मिळतो, तेवढाच काय तो अडथळा. ओहोटीनंतरची ओली वाळू इतकी टणक व सपाट आहे की, नगरपालिकेचा रोलर आयुष्यभर चालवूनही असा रस्ता माझ्या हातून झाला नाही. हे मी कोणासमोर बोलणार नाही, परंतु येथे लिहून ठेवतो.

लाटांत गळ टाकून मासे धरणाऱ्या हौशी मंडळींचे येथे एक मंडळ आहे. किनाऱ्याची पाहणी करण्यास त्यांनी माझी नेमणूक केली आहे. रोज सकाळी सर्वांच्या आधी गाडी घेऊन शहराच्या सडकेपर्यंत जाऊन यावयाचे, वाळू कोठे टणक, कोठे पोकळ, ओढ्याला पाणी किती, हे पाहून दुकानासमोरील फळ्यावर सुवाच्य अक्षरांत लिहावयाचे. माझे शिक्षण चौथ्या इयत्तेपर्यंत झाले असले तरी माझ्या अक्षरास आजवर कोणी नाव ठेवलेले नाही.

घर लाकडी खांबांवर आहे. माझ्यापूर्वी पाहणी करणारा, जुवेनाल नावाचा, स्वयंपाकघराच्या भिंतीला माशांची खवले तशीच चिकटवून गेला होता. सांडपाण्याच्या नळीत आतड्याचा गोळा कुजत होता. मी सर्व सोड्याने घासून काढले. हा जुवेनाल कोणास न सांगता एके दिवशी काम टाकून निघून गेला म्हणतात. अशा माणसांचा मला तिटकारा आहे.

दुकान व खाणावळ दोना उर्सुलिना नावाची विधवा बाई चालवते. तिने वाळक्या भोपळ्याच्या पात्रातून माते नावाचा कडू पाल्याचा काढा प्यायला देऊन येथील रीत समजावली. दिवसाची पहिली गाडी जी चाकोरी पाडते, तिच्यातूनच बाकीच्यांनी जावयाचे. स्वतःची निराळी वाट काढणे म्हणजे पहिल्या माणसाच्या पारखेवर अविश्वास दाखवणे. येथे तो मोठा अपमान समजतात. ही रीत मला फार आवडली. बेल्मीरो नावाचा एक जाडा, कायम हसणारा मच्छीमार बाजूस बसला होता. माझ्या नावापुढे आदराचे सेउ लावून तो म्हणाला, "सेउ अनाक्लेतो, तुम्ही गाडी नरकात घातलीत तरी आम्ही मागोमाग येणार बघा. फक्त जरा हळू चालवा!" सर्वजण हसले. मीही हसलो.

कन्या झुल्मीरा हिने नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी येऊन पाहण्याचे ठरवले आहे. माझे येथे नीट चालले नसेल तर ती मला आपल्या शिवणकामाच्या दुकानामागील खोलीत नेऊन ठेवणार. कापडाच्या चिंध्यांत बसून दिवस मोजण्याची माझी इच्छा नाही. तिला येथे दोष काढण्यास जागा मिळता कामा नये.

१० ऑक्टोबर

कामाचा जम बसला. सकाळी निघतो तेव्हा किनाऱ्यावर एकही खूण नसते. भरतीने सर्व पुसून कोऱ्या पाटीसारखे केलेले असते. माझ्या गाडीचा मागील डावा टायर झुल्मीराने शहरात बसवून दिलेला आहे. त्यावर माशाच्या काट्यासारखी तिरपी नक्षी आहे, बाकी तिन्हींवर चौकडी. त्यामुळे माझी चाकोरी दुरूनही ओळखू येते. परत फिरताना पाहतो, तो साऱ्या गाड्या माझ्याच खुणेवरून एकामागून एक येत असतात. हा मान रोलरवर कधी मिळाला नाही.

ओढ्यापाशी मात्र गाडीतून उतरून पायी पाण्यात शिरावे लागते, कारण त्याचा तळ रोज बदलतो. ज्याचे गुडघे भिजले नाहीत त्याने ओढ्याविषयी बोलू नये, असे येथील लोक मानतात.

लोक चांगले आहेत, परंतु घाणेरडे आहेत. गळाला कोर्विना लागली की वाळूवरच तिचे पोट फाडतात. हा मासा मरता मरता बेडकासारखा करकर आवाज काढतो, आणि त्याचा आवाज थांबण्यापूर्वीच यांचा हात त्याच्या पोटात असतो. आतडी तेथेच टाकतात. त्यावर माशा, चिलटे आणि कुरव पक्षी. त्याच हातांनी पाव खातात. मी सांगितले की, निदान खड्डा करून पुरा. बेल्मीरो म्हणाला, "अहो, आपण समुद्राचं एवढं खातो, त्याला पण काहीतरी घालायला नको का?" आणि बोटे पँटला पुसली. मला जेवण गेले नाही.

१४ ऑक्टोबर

तीन दिवस दक्षिणेचा वारा होता. आज थांबला, आणि किनाऱ्यावर चिखल आला आहे.

दोना उर्सुलिना म्हणाली की, काही वर्षांनी एकदा असा येतोच; मोठ्या सरोवरातून नदीने वाहून आणलेला गाळ समुद्राच्या तळाशी साचतो आणि वादळात उलटतो. परंतु असा प्रकार मी पाहिलेला नव्हता. ओढा आणि गाव यांच्या मधल्या पट्ट्यात समुद्र मेला आहे. लाटाच नाहीत. लांबून लाट येते, चिखलाच्या कडेला पोहोचते आणि उकळत्या लापशीवरचा बुडबुडा जसा फुगून बसतो तशी आवाज न करता बसते. रंग काविळीच्या रोग्याच्या लघवीसारखा, मध्ये काळ्या रेषा. वर मेलेल्या मांजरमाशांची पोटे पांढरी पडून तरंगतात. एक समुद्रसिंह होता. त्याचे डोळे नव्हते, आणि डोळ्यांच्या जागी चिखल आत-बाहेर होत होता. तो लाटांमुळे होत असेल, परंतु लाटा नव्हत्या.

चिखल आणि टेकड्या यांच्यामध्ये चांगल्या वाळूची एक अरुंद पट्टी उरली आहे. मी पायी जाऊन तिची पारख केली. चिखलाच्या कडेला एक पाऊल पडले आणि घोट्यापर्यंत गेले. बाहेर काढताना असा आवाज झाला, जणू कोणी रस्सा ओरपला. घरी येऊन पाय तीन वेळा साबणाने धुतले, नखांखालचे चाकूने कोरून काढले. तरीही वास जात नाही. कुजलेली कोर्विना, गोड काहीतरी, आणि ओल्या केसांचा वास.

फळ्यावर लिहिले: चिखलाच्या पट्ट्यात माझ्या चाकोरीबाहेर चाक घालू नये.

१७ ऑक्टोबर

आज मला राग आला आहे.

सकाळी निघालो, तो चिखलाच्या पट्ट्यात माझ्यापूर्वीच एक चाकोरी पडलेली. कोणीतरी माझा मान चोरला. तथापि रीत ती रीत; मी दुसरा आलो होतो, म्हणून मी तिच्यावरूनच चाललो. पुष्कळ अंतर उत्तम वाळूवरून गेली. मग अगदी सहज, जसा एखादा सरावलेला चालक वळतो तशी, समुद्राकडे वळली आणि चिखलात शिरली.

मी वेळीच ब्रेक लावला. पुढचे चाक कडेपासून हातभर लांब उभे राहिले. चिखल सपाट होता. गाडी नव्हती. मागे घेतल्याची खूणही नव्हती.

दुकानात जाऊन मी विचारणा केली. सर्वांनी नाकारले. बेल्मीरो म्हणाला, "भूत असेल, सेउ अनाक्लेतो. भेटलं तर विचारा टायर कुठून घेतो, माझे पार गुळगुळीत झालेत." मी त्यास सांगितले की, ही थट्टेची बाब नाही. तो म्हणाला की, बरोबर आहे, टायर हल्ली खरोखर महाग झालेत.

२० ऑक्टोबर

पुन्हा चाकोरी. या वेळी खाली उतरून पाहिली.

चाकाच्या दाबाने वाळू खाली बसते. ही खाली बसलेली नव्हती; कोणीतरी खालून ओढून घेतल्यासारखी होती. नक्षीसुद्धा चुकीची. चौकोन कोठे मोठे, कोठे लहान, एक चाक दुसऱ्याच्या फार जवळ. लहान मूल कित्ता गिरवताना काढते तशी. कडांना बुळबुळीत चकाकी होती, गोगलगाय गेल्यासारखी.

मी काठीने खरवडले. वाळूच्या पातळ थराखाली एक पांढरी, ओली कातडी होती. शेंबडासारखी ताणली जाई परंतु तुटत नसे. चाकोरीच्या संपूर्ण लांबीभर ती पसरलेली होती आणि चिखलाकडे जात होती. मी काठी टोचली. ती आकसली. नंतर दूर, चिखलाच्या पोटात, काहीतरी हलले. गळाला मासा लागल्यावर दोर जसा ताणला जातो, तशी काठी माझ्या हातात ओढली गेली.

काठी तेथेच टाकून मी गाडीच्या मागे जाऊन ओकलो. माझ्या वयास हे शोभत नाही.

हे मी कोणास सांगितलेले नाही. म्हातारा भ्यायला असे म्हणतील, आणि ते शहरात झुल्मीराच्या कानी जाईल.

२१ ऑक्टोबर

बेल्मीरोने चिखलाच्या कडेला मोठी कोर्विना धरली व खाणावळीत आणून सर्वांसमोर फाडली. पोटातून घड्याळाचा कातडी पट्टा निघाला, बकल लावलेला. पट्ट्याच्या आतल्या बाजूस माणसाची कातडी चिकटलेली होती, तिच्यावर केस होते. दोना उर्सुलिनाने एकदाच पाहिले. हा जुवेनालचा आहे, एवढेच बोलून ती आत गेली.

मग बेल्मीरो म्हणाला, "माशानं खाल्लं त्यात माशाचा काय दोष?" आणि त्याने त्या माशाचे तुकडे तव्यावर टाकले. तीन माणसे जेवली. बोटे चाटत जेवली. मी दाराबाहेर उभा होतो तरी तळणाचा तो गोड वास माझ्या अंगरख्यात शिरला. अंगरखा जाळून टाकला.

२३ ऑक्टोबर

बेल्मीरो गेला.

आज मला पाठदुखीमुळे निघण्यास उशीर झाला. तो वाट न पाहता पुढे निघाला. मी टेकडीवरून पाहिले. लख्ख ऊन होते. त्याच्यापुढे वाळूवर एक चाकोरी होती, आणि ती माझी असेल असे समजून तो तिच्यावरून चालला होता. येथील कोणीही हेच केले असते. त्याची हिरवी पिकअप चिखलाकडे वळली. मी ओरडलो. त्याने ब्रेक लावला नाही. खिडकीतून हात बाहेर काढून मला टाटा केला.

चिखल फुटला नाही, उडाला नाही. तो उघडला. दात नसलेले तोंड लापशीभोवती मिटते तसा गाडीभोवती मिटला. नंतर पुष्कळ वेळाने एक बुडबुडा आला. तो फुटला तेव्हा त्याचा वास टेकडीवर माझ्यापर्यंत आला. तळलेल्या कोर्विनाचा वास होता.

दोर टाकून शोधले. दोराच्या टोकाला शेंबूड आला.

मी सर्वांना सांगितले की, ती कातडी मी पाहिली आहे. चाकोरी हे आमिष आहे, आपण जसे गळाला किडा लावतो तसे. काहींनी छातीवर क्रुसाची खूण केली. मग काय करावे, असे त्यांनी विचारले. मी सांगितले की, फक्त माझ्या चाकोरीवरून चालावे. मागील डाव्या चाकाची माशाच्या काट्यासारखी नक्षी दिसेल तीच खरी. तेच फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले.

सायंकाळी दुकानातील फोनवरून झुल्मीराशी बोललो. ती म्हणाली, "बाबा, तुमचा आवाज का असा येतोय? आजारी आहात का? मी आत्ता निघून येऊ?" मी म्हटले की, रविवारी ठरल्याप्रमाणे ये, किनारा सडकेसारखा आहे. मात्र माझ्या चाकोरीवरून ये. ती हसली. म्हणाली, "तो टायर मीच बसवलाय ना, डोळे झाकून ओळखेन." बेल्मीरोविषयी मी सांगितले नाही. सांगितले असते तर तिने मला दुसऱ्याच दिवशी नेले असते.

२६ ऑक्टोबर

गाव रिकामे होत आहे. लोक टेकड्यांच्या मागून ट्रॅक्टरने सरोवराकडे निघाले. त्या वाटेने शहर फार लांब पडते.

दोना उर्सुलिना शेवटी निघाली. तिने पुष्कळ आग्रह केला. मी नाही म्हटल्यावर संतापली. म्हणाली, "अहो, कुणासाठी थांबलाय इथे? त्या घाणीसाठी? एवढा ताठा बरा नाही, सेउ अनाक्लेतो." मी सांगितले की, रविवारी कन्या येईल तेव्हा बाप कामावर हजर असला पाहिजे. ती म्हणाली की, सरोवरापलीकडे पोहोचल्यावर मी मुलीला निरोप धाडते, येऊ नको म्हणून. मी नको म्हटले. माझ्या मुलीस माझा निरोप मीच देईन, असे म्हटले.

ती निघाल्यावर मी दुकानातील फोन उचलला. तारेत आवाज नव्हता. वाऱ्याने खांब पडले असतील. ट्रॅक्टर तोवर टेकडीआड गेला होता. मी हाक मारली. पुन्हा मारली नाही.

२८ ऑक्टोबर

ते शिकत आहे.

आज तीन चाकोऱ्या होत्या. पहिली वाकडी, दुसरी बरी. तिसरी, समुद्राच्या सर्वांत जवळची, निर्दोष होती. अंतर बरोबर, चौकोन बरोबर.

तिच्या डाव्या बाजूस माशाच्या काट्यासारखी तिरपी नक्षी होती. माझी. टायरच्या कडेला काचेने पडलेला छेदसुद्धा.

कोणती नक्षी ओळखावी, हे मीच फळ्यावर लिहिले. त्याला वाचता येत असेल असे नव्हे. मी रोज त्या पट्टीवरून गाडी नेत होतो. रोज सकाळी त्याच्या अंगावर कित्ता घालून देत होतो.

३० ऑक्टोबर

कुंपणाचे लोखंडी फाटक गाडीला बांधले आणि पट्टीभर ओढून सर्व खुणा पुसल्या. दुपारी परत पाहिले. चाकोरी पुन्हा आहे. फाटक ओढल्याच्या खुणासुद्धा आहेत, आणि त्या चिखलात जातात.

गाडी हलवणार नाही. जे मी वाळूवर करतो ते त्याचे होते.

विहिरीचे पाणी पिवळे झाले आहे. उकळले तर वर साय येते. ती साय भांड्याच्या मध्यभागी गोळा होते आणि कडेकडे सरकते. अन्न घशाखाली उतरत नाही. घरभर तो वास. दाराच्या उंबऱ्याला बुळबुळीत काहीतरी लागले आहे, पुसले, पुन्हा येते.

३१ ऑक्टोबर

आज पायी जाऊन पाहिले. शहराच्या सडकेपर्यंत जावयाचे होते, तेथे पाटी लावावयाची होती. ओढ्यापर्यंतसुद्धा पोहोचलो नाही. पाय चालत नाहीत. मागे वळून पाहिले —

माझ्या पावलांच्या बाजूने दुसरी पावले होती. अनवाणी. उजव्या पायाचा अंगठा वाकडा, माझ्यासारखा. बोटांच्या मध्ये पांढरे पातळ पापुद्रे. ती चिखलाकडे गेली होती. चिखलाच्या कडेला थांबली होती. तेथे पुष्कळ वेळ कोणी उभे राहिल्यासारखा खड्डा होता.

उद्या रविवार. ती सकाळच्या ओहोटीला निघेल. वाळूवर पाय ठेवणार नाही; टेकड्यांवरून जाईन, ओढ्याजवळ तिला गाठीन. तिने मला चिंध्यांच्या खोलीत न्यावे. हात धरून न्यावे. मी एक शब्द बोलणार नाही.

१ नोव्हेंबर, सकाळ

टेकड्यांवरून ओढ्याच्या जवळ आलो आहे. वही खिशात होती. किनारा येथून पूर्ण दिसतो. एकच चाकोरी आहे, ओढ्याच्या पलीकडे नजर पोहोचते तेथपर्यंत. सुंदर आहे. सरळ. मी कधी इतकी सरळ पाडली नाही. फक्त ओढ्याच्या अलीकडे ती चिखलाकडे वळते.

तिची गाडी दिसते. ठिपक्याएवढी. पांढरी. चाकोरीवरच आहे.

खाली उतरतो.

—

टेकडीच्या पायथ्याशी कोरडी वाळू दिसत होती. कोरडी नव्हती. मांड्यांपर्यंत गेलो आहे. खालून काहीतरी चोखते. गरम आहे. दात नाहीत. पँटच्या आत शिरले — देवा, किती घाण — ओढले तर अधिक घट्ट धरते. हलू नये. हात मोकळे आहेत.

ओरडलो. वारा माझ्या तोंडावर आहे, आवाज मागे जातो. हात हलवले. अंगरखा काढून हलवला.

ती ओढ्यापाशी थांबली. उतरली. गुडघाभर पाण्यात शिरून तळ पाहते आहे. तिच्या लहानपणी मी शिकवले तसे नीट, सावकाश. झुल्मीरा, तेथेच राहा. परत फीर.

तिने मान वर केली. इकडे पाहते. हात केला —

मला नाही.

माझ्या आणि तिच्या मध्ये, चाकोरी जेथे वळते तेथे, चिखलाच्या कडेला कोणी उभा आहे. माझ्याएवढा उंच. पाठीतून थोडा वाकलेला. माझ्यासारखी टोपी. सर्व एकाच रंगाचा. अंगावरून ओघळते आहे, आणि ओघळलेले पुन्हा वर चढते आहे. त्याने हात वर केला आहे, माझ्यासारखाच.

मी हात खाली घेतला.

त्याने घेतला नाही.

ती गाडीत बसली. ओढा पार केला. छान पार केला. ओरडतो आहे, तोंडात तो वास —

वळणापाशी आली. गाडी हळू केली. खिडकीतून डोके बाहेर काढून ती हसते आहे, त्याला काहीतरी म्हणते आहे, बाबा म्हणते आहे, ओठ दिसतात, तो हाताने तिला बोलावतो आहे, आणि ती चाक वळव—